दहाच्या आत मायामी: वरातीत लॅटिन गाणी कशी लावायची

उदगीरकडं वराती वाजवून मला बारा वर्षं झाली. परवा नवीन पोरगा विचारायला, "दादा, स्पॅनिश गाणं लावलं की पब्लिक थंड का पडतंय?" लेका, गाण्यात खोट नाही. तू वेळ चुकवतोस.

ही गाणी रात्रभर जागणाऱ्या शहरांची. पोर्तो रिकोचं सान हुआन, मायामी, न्यूयॉर्क. तिकडची पोरं आवरून बाहेर पडतात तेव्हा आपले स्पीकर बंद झालेले असतात, 10 ला पोलिसांची गाडी कोपऱ्यावर. म्हणून त्यांची अख्खी रात्र आपल्याला साडेआठ ते पावणेदहात बसवायची.

आधी ठेका हातात बसवा. रेगेटॉन म्हणजे पोर्तो रिकोकडचं नाचायचं स्पॅनिश गाणं, त्याच्या ठेक्याला डेंबो म्हणतात. टेम्पोच्या बॉनेटवर आठ मोजा: डावा तळहात 1 आणि 5 वर, उजवी बोटं 4 आणि 7 वर. बूम... चक-बूम, चक. पाच मिनिटं दुसरं काही करू नका. हा ठेका मूळ जमैकाचा. पोर्तो रिकोच्या पोरांनी त्यावर आपल्या रात्री गायल्या. डॅडी यांकीचं 2004 चं 'गॅसोलिना' ऐका. गॅसोलिना म्हणजे पेट्रोल! वेग मिनिटाला 96 ठोक्यांच्या आसपास. आपल्या नाचापुढं संथच, त्यामुळं सुरुवातीला लावलंत तर मंडळी खुर्च्या शोधतात. घामाघूम झाल्यावर लावा, मग तोच वेग विसावा वाटतो. बेस मोकळा सोडा, टॉप म्हणजे तीक्ष्ण आवाज कमी करा.

मायामीचा गायक पिटबुल मात्र कधीही चालतो. त्याच्या 2009 च्या 'आय नो यू वॉन्ट मी' गाण्याच्या नावातच काये ओचो आहे, मायामीच्या लिटल हवानातला आठ नंबरचा रस्ता. आपण लातूरच्या गंजगोलाईवर गाणं करावं तसं. स्वतःला तो मिस्टर 305 म्हणवतो. 305 हा मायामीचा फोन कोड. आपली पोरं गाडीच्या काचेवर लातूरच्या MH 24 मधलं 24 लिहून फिरतात, त्यातलाच प्रकार. वेग 127, आपल्या गाण्यांना सहज जुळतो.

साल्सा वरातीत नको. त्याला शिकलेले पाय लागतात. पंगतीला हळू आवाजात ठेवा.

आणि शब्दांचा अर्थ आधी बघा. एका हळदीत मी झोकात एक गाणं लावलं. नवरीची चुलत बहीण पुण्यात स्पॅनिश शिकायची. ती धावत कन्सोलपाशी आली, "दादा, बंद करा, आजोबा बसलेत!" आजोबा तर टाळ्या वाजवायले. तरी त्या दिवसापासून पेनड्राईव्हात फक्त साफ व्हर्जन.

पावणेदहाला डेंबोचा नुसता ठेका चालू ठेवून आवाज उतरवत न्या. मागच्या लग्नात हलगीवाले मामा पुठ्ठ्याच्या जाळावर हलगी शेकत बसले होते. मी आवाज उतरवला तसं त्यांनी टिपरू उचललं आणि 4 अन् 7 बरोबर धरले. दहाला माझा मिक्सर बंद होता, पोरं नाचायलीच होती.