लहान मुलांच्या हाती रंग द्यायचे कसे?

दोन ते सहा वर्षांच्या मुलांना चित्रकला 'शिकवायची' नसते. मोठ्यांनी साहित्य मांडायचं, वेळ द्यायचा आणि स्वतःचे हात आवरायचे. यातलं तिसरं काम सगळ्यात अवघड.

१. आधी जागा. फरशीवर जुनी वर्तमानपत्रं पसरा, मुलाला जुना सदरा घाला, हात पुसायला ओलं फडकं जवळ ठेवा. "सांडू नकोस" हे वाक्य ज्या जागी म्हणावं लागणार नाही, ती जागा योग्य. कागद मोठा घ्या आणि त्याचे कोपरे चिकटपट्टीने चिकटवा, म्हणजे रेघ ओढताना तो सरकत नाही. कागद कधी भिंतीवर लावून मुलाला उभ्याने काढू द्या. मग सबंध हात खांद्यापासून फिरतो.

२. साहित्य थोडं, पण चांगलं. चोवीस रंगांची पेटी उघडून दिली की मूल रंगांपेक्षा पेटीतच रमतं. जाड खडू, जाड ब्रश, बिनविषारी रंग, माती एवढं पुरे. तुटलेले खडू फेकू नका. आखूड तुकडा मुठीत नीट धरता येत नाही, त्यामुळे बोटांची चिमट आपोआप तयार होते. तीन वर्षांखालच्या मुलांना मणी, टिकल्या असलं तोंडात जाणारं काही देऊ नका.

सुरुवातीला एका वेळी दोनच रंग काढा, समजा पिवळा आणि निळा. मूल आधी पिवळा फासतं, मग तोच ब्रश निळ्यात बुडवतं, आणि कागदावर मध्येच कुठेतरी हिरवा उगवतो. अशा वेळी गप्प बसा. "बघ, हिरवा झाला!" असं आपण ओरडलो, की तो शोध आपला होतो. थोड्या दिवसांनी लाल रंगही द्या. मग बहुतेक कागद मातकट होतील. होऊ द्या. सगळे रंग एकत्र केले की काय होतं, हे मुलाला स्वतःच पाहायचं असतं.

३. नमुना दाखवू नका. फळ्यावर घर काढून "असं काढा" म्हटलं, की वर्गात तीस सारखी घरं तयार होतात आणि ज्याचं घर तसं होत नाही तो "मला येत नाही" म्हणू लागतो. छापील चित्रांत रंग भरण्याने हाताला वळण लागत असेल, कल्पनेला काही मिळत नाही. मूल हट्टाने "मला हत्ती काढून दे" म्हणालं, तर पेन्सिल हातात न घेता विचारा: "हत्तीचं सगळ्यात लांब काय असतं? आधी तेच काढू या का?" हत्ती कसाही होवो, तो त्याचा असेल.

४. रेघोट्या वाचायला शिका. ऑस्ट्रियात जन्मलेले कलाशिक्षक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले: साधारण दोन ते चार वर्षं रेघोट्या, चार ते सात या काळात ओळखू येणाऱ्या आकृत्या. वयं थोडी मागेपुढे होतात. मधल्या काळात गोल डोकं आणि त्यातूनच थेट फुटलेले पाय, असा माणूस दिसतो. पोट विसरलं म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका. हा टप्पा जवळजवळ सगळी मुलं ओलांडतात.

५. बोलायचं काय? "हे काय आहे?" हा प्रश्न टाळा. तीन वर्षांच्या मुलाच्या मनात बऱ्याचदा 'काय' नसतंच, नुसता हात फिरवण्याचा आनंद असतो. विचारलं की ते आपल्यासाठी काहीतरी नाव शोधतं. त्यापेक्षा जे दिसतं ते सांगा: "इथे किती जोरात दाबून रेघ ओढलीस!" किंवा विचारायचंच असेल तर मोकळं विचारा: "सांग बघू, इथे काय चाललंय?"

बक्षिसाच्या बाबतीत तर फारच जपून. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या काही मुलांना आधीच सांगितलं होतं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्रक मिळेल. नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना तेच बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. म्हणजे घात केला तो आधी दाखवलेल्या आमिषाने. बालवाडीतल्या चित्रस्पर्धा भरवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

६. चित्रं जपा. मागच्या बाजूला तारीख लिहा आणि मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत टिपा. पुढच्या बाजूला लिहायचं असेल तर आधी त्याला विचारा. भिंतीवर लावताना मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, आणि फक्त 'छान' चित्रं निवडू नका. ढीग फार वाढला की कुठली ठेवायची हे त्यालाच ठरवू द्या. मातीच्या वस्तूंचे फोटो काढा आणि माती भिजवून पुन्हा वापरायला घ्या.