आउटलास्ट खेळताय? आधी कान तयार करा

भो, आउटलास्टमध्ये मारामारी नाही, हे सगळ्यात आधी डोक्यात पक्कं करा. 2013 साली आलेल्या रेड बॅरल्स कंपनीच्या या भीतीदायक व्हिडिओ गेममध्ये पत्रकार माइल्स अपशर कोलोरॅडोतल्या माउंट मॅसिव्ह मनोरुग्णालयात शिरतो, तोही फक्त कॅमेरा घेऊन. बंदूक नाही, साधी काठीही नाही. जीव वाचवायचा तो ऐकून, लपून आणि पळून. आमच्या जळगावात मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलरच्या घरघरीत पावलं ऐकू येत नाहीत. म्हणून चांगले हेडफोन लावा, नाहीतर रात्री लॅपटॉप घेऊन गच्चीवर जा. लाइट जायची भीती असेल तर चेकपॉइंट, म्हणजे गेम आपोआप सेव्ह होतो ती जागा, आल्याशिवाय थांबू नका. मधल्या मधे केलेलं सेव्ह होत नाही.

तुमच्या मागे लागणारा क्रिस वॉकर हा धिप्पाड गडी, पूर्वी लष्करी पोलिसात होता. त्याच्या अंगावर साखळ्या आहेत. वळणावर बैलगाडी दिसण्याआधी घुंगरं ऐकू यावीत, तसा हा आधी ऐकू येतो. आवाज आला की पळत सुटू नका. खाली वाका, भिंतीला लागा, कोपऱ्यावरून फक्त डोकं काढून त्याची पाठ कधी वळते ते बघा. लॉकरमध्ये किंवा खाटेखाली शिरायचं ते त्याने पाहिलं नसेल तरच. शिरताना दिसलात तर ओढून बाहेर काढतो. पाठलाग सुरूच झाला तर जाता जाता दार लावून घ्या. दार तो फोडतोच, पण तेवढ्यात दुसरीकडून निसटता येतं. गटारातल्या भागात दोन व्हॉल्व्ह फिरवायचे असतात. तिथे आधी त्याची एक पूर्ण फेरी बघून घ्या, मगच पाण्यात उतरा. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि मरतात.

मागे लागणारे जुळे भाऊ अगदी वेगळे. उघडे, हातात मोठी पाती, आणि तुम्हाला कसं मारायचं याची शांतपणे चर्चा करतात. घाई करत नाहीत, म्हणून माणूस गाफील राहतो. त्यांचं बोलणं कानावर आलं की निघण्याचा रस्ता आधी हेरून ठेवा.

बाकीच्या रुग्णांना उगाच घाबरू नका. कित्येक जण नुसते बसलेले असतात, बिचारे स्वतःशीच बडबडत असतात. हातात हत्यार असेल त्याच्यापासून लांब राहा. व्हीलचेअरवरच्याला मात्र निरुपद्रवी समजून जवळ जाऊ नका.

ट्रेगर नावाच्या छळ करणाऱ्या वेड्याच्या तावडीतून सुटलात की लिफ्टची किल्ली शोधायची असते. त्याच्या हातात लांब कात्री असते आणि तोंड सतत चालू असतं. त्याची बडबड दूर जाईपर्यंत खाटेखालून हलू नका. आवाज लांब गेला की पुढची खोली, मग परत खाट.

शेवटच्या प्रयोगशाळेत वॉलरायडर नावाचा भुतासारखा शत्रू येतो. साध्या डोळ्यांना तो नीट दिसत नाही, कॅमेऱ्याच्या नाइट व्हिजनमध्ये, म्हणजे अंधारात बघायच्या सोयीत, दिसतो. नाइट व्हिजन बॅटरी खातं, नुसता कॅमेरा खात नाही. म्हणून आधीच्या उजेडाच्या खोल्यांत ते बंद ठेवत चला आणि इथे भरल्या बॅटऱ्या घेऊन उतरा. मागे बघायचं तर पळता पळताच बघा, त्याची सोय गेममध्ये आहे.