थंडीआधी फटी बुजवा, हीटरचं नंतर बघा

हीटर कितीही दणकट आणला तरी दाराखालून गार वारा येत असेल, तर बिल वाढतं आणि खोली मात्र तापत नाही. ९० सेंटीमीटर रुंद दाराखाली ५ मिलिमीटरची फट म्हणजे ४५ चौरस सेंटीमीटरचं भोक. भिंतीला एवढं भोक पडलं असतं तर ते त्याच दिवशी लिंपलं असतं.

फटी शोधायला वाऱ्याचा दिवस निवडा. दारं-खिडक्या लावा, छताचे पंखे आणि गॅसवरची उपकरणं बंद करा, पण स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. तो आतली हवा बाहेर ओढतो, त्यामुळे बाहेरची हवा सापडेल त्या फटीतून आत घुसते. पेटलेली उदबत्ती पडद्यांपासून लांब धरून चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे आडवा होईल तिथे खडूने खूण करा. एसीच्या पाइपचं भोक आणि केबल आत येते ती जागा बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, तिथेही उदबत्ती धरा.

न हलणाऱ्या भेगांत, म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामध्ये, सिलिकॉन सीलंट भरा. आधी जुना सुटलेला थर खरवडून काढा आणि जागा पूर्ण कोरडी करा, कारण ओल्या किंवा धुळकट जागेवर सिलिकॉन धरत नाही. उघडझाप होणाऱ्या झडपांना फोमची पट्टी लावा. पट्टीची जाडी अंदाजाने घेऊ नका. मुलांच्या क्लेची गोळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून फटीत ठेवा, झडप लावा आणि दबलेल्या क्लेची जाडी मोजा. पट्टी त्याहून थोडीच जाड हवी. फार जाड घेतली तर कडी लागत नाही आणि बिजागऱ्यांवर ताण येतो. दाराखाली रबराची किंवा ब्रशची पट्टी बसवा. तोवर गुंडाळलेली जुनी चादरही चालते.

एकेरी काचेतूनही बरीच ऊब जाते. दुतर्फा टेपने चौकटीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून लावा, काचेपासून एक-दोन सेंटीमीटर अंतर ठेवून. मध्ये अडकलेली हवा ऊब धरते. प्लास्टिक काचेला चिकटलं तर फायदा फारसा उरत नाही. जाड पडदे सूर्य मावळताच ओढा, आणि उन्हाच्या बाजूचे सकाळी उघडा.

आता हीटर. कॉइल, तेलाचा किंवा फॅनचा, कुठलाही असो, एक युनिट विजेतून उष्णता एका युनिटचीच मिळते. ‘कमी विजेत जास्त ऊब’ हा दावा या प्रकारांना लागू होत नाही. हीट पंपाच्या एसीची गोष्ट वेगळी: तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून फार कडाक्याची थंडी नसेल तर तेवढ्याच विजेत दुप्पट-तिप्पट ऊब देतो. त्याचा फिल्टर मात्र आधी धुऊन घ्या. २००० वॅटचा हीटर ५ तास चालला तर १० युनिट जातात. १०० वॅटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट तेवढ्या वेळात अर्धं युनिट खातं. झोपताना खोली तापवण्यापेक्षा अंथरूण तापवणं केव्हाही स्वस्त.

थर्मोस्टॅट एक अंशाने उतरवला तरी फरक पडतो. बाहेर १० अंश आणि आत २० असेल, तर १९ वर ठेवल्याने उष्णतेची गळती सुमारे दहाव्या हिश्श्याने घटते. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, म्हणून तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच थेट लावा; साध्या एक्स्टेंशनची वायर तापून वितळू शकते.

एक गोष्ट कधीच बुजवू नका: गॅस गीझर किंवा चूल असलेल्या जागेचे झरोके. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी मुळीच नको. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस दगावतो. फटी बुजवल्यावर श्वासाची, आंघोळीची वाफही आतच कोंडते, म्हणून रोज ५-१० मिनिटं खिडक्या सताड उघडा. एवढ्यात भिंती गार पडत नाहीत, पण दमट हवा निघून जाते. काचेवर सकाळी पाणी साचत असेल, तर ही वेळ वाढवा.