ट्रेलरची बॅटरी गाडीवरून चार्ज कशी करावी

गाडी दिवसभर चालूनही कॅम्पर ट्रेलरमधला फ्रिज रात्री दहालाच बंद पडत असेल, तर नवीन बॅटरी घ्यायची घाई करू नका. दोष बहुतेक वेळा तारेत असतो.

हिशेब बघा. अल्टरनेटर (इंजिनवर चालणारे वीज बनवणारे यंत्र) १४.२ व्होल्ट देतो. बॉनेटखालच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत अंतर साधारण ७ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १४ मीटर तार. ती २.५ स्क्वेअर एमएमची असेल, तर २० अँपिअरला जवळपास १.९ व्होल्ट वाटेतच जातात. उरतात १२.३. अर्धी उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी स्वतःच १२.२ च्या आसपास असते आणि तिला पूर्ण भरायला १४.४ लागतात. त्यामुळे सुरुवातीला दहाएक अँपिअर जातात, बॅटरीचा व्होल्टेज चढू लागला की तेही घटतात, आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहते. अशी राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी सल्फेट धरते (प्लेटांवर कडक थर बसतो) आणि लवकर मरते.

बीएस-६ गाड्यांत आणखी एक अडचण येते. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना स्मार्ट अल्टरनेटर असतो. पुढची बॅटरी भरली की इंधन वाचवण्यासाठी तो व्होल्टेज बराच उतरवतो. १३.३ ला जोडणारा आणि १२.८ ला सोडणारा साधा व्होल्टेज-रिले (दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच) अशा वेळी सुटून जातो. म्हणून आमची शिफारस स्पष्ट आहे: डीसी-टू-डीसी चार्जर बसवा. आत कमी व्होल्टेज आला तरी तो बॅटरीला हवा तेवढा वाढवून देतो. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला २० अँपिअरचा चार्जर पुरतो.

सामान: १० स्क्वेअर एमएमची मल्टीस्ट्रँड तांब्याची तार, लाल आणि काळी, ४० अँपिअरचा एक आणि ३० अँपिअरचा एक फ्यूज, होल्डरसह, ५० अँपिअरच्या अँडरसन कनेक्टरची जोडी (गाडी आणि ट्रेलरमधली तार जोडण्या-सोडवण्याचा जाड प्लग), लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), स्लीव्ह आणि कॉन्ड्युट (तार घालायची नळी). दिव्यांच्या सात पिनी सॉकेटमधून हा करंट नेऊ नका, त्या पिनी तापतात.

१. काम सुरू करण्याआधी दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह काढा.

२. लाल तार गाडीच्या पॉझिटिव्हपासून ४० अँपिअरच्या फ्यूजमधून न्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, पण आत्ता होल्डर रिकामाच ठेवा. तार कॉन्ड्युटमध्ये घालून चासीच्या आतल्या बाजूने, सायलेन्सर आणि ब्रेक पाइपपासून लांब न्या. पत्र्यातून जिथे जाईल तिथे रबरी ग्रोमेट बसवा. ग्रोमेट नसेल तर खडबडीत रस्त्यावर पत्रा इन्सुलेशन कापतो आणि थेट शॉर्ट होतो.

३. काळी तारही पूर्ण अंतर न्या. ट्रेलर अडकवायच्या हिचच्या गोळ्यातून अर्थ (निगेटिव्हची परतवाट) मिळेल या भरवशावर राहू नका, तिथे ग्रीस आणि गंज असतो. गाडीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा चौकोनी सेन्सर असेल, तर काळी तार टर्मिनलवर न लावता चासीच्या अर्थ बोल्टवर लावा. थेट टर्मिनलवर लावलेला करंट सेन्सरच्या हिशेबात येत नाही आणि अल्टरनेटर चुकीचा वागतो.

४. चार्जर ट्रेलरमध्ये, बॅटरीजवळ बसवा. व्होल्टेजची घट त्याच्या आधीच्या तारेत व्हायला हवी, नंतरच्या नाही. चार्जर आणि बॅटरीच्या मध्ये, बॅटरीला लागून, ३० अँपिअरचा फ्यूज. पेटलेली तार कुठल्याही टोकाच्या बॅटरीतून करंट ओढू शकते, म्हणून फ्यूज दोन्ही टोकांना.

५. चार्जरची कंट्रोल वायर इग्निशनवर जोडा, नाहीतर गाडी उभी असताना पुढची बॅटरी उतरेल. चार्जरवर बॅटरीचा प्रकार निवडा, काढलेल्या निगेटिव्ह परत लावा आणि सर्वांत शेवटी ४० चा फ्यूज घाला.

आता तपासणी. इंजिन चालू, ट्रेलरची बॅटरी अर्धी उतरलेली. गाडीच्या बॅटरीवर मल्टीमीटर लावा, मग चार्जरच्या इनपुटवर. २० अँपिअर देताना चार्जर स्वतः साधारण २४ ओढतो, त्यामुळे ०.६ ते ०.७ व्होल्टचा फरक ठीक. फरक एकच्या वर गेला तर जास्त गरम लागणारा जोड शोधा. तो बहुधा पक्कडीने दाबलेला लग असतो. लग दाबायला चांगले क्रिंपिंग टूलच वापरा.

अर्धी बॅटरी पाचएक तासांच्या प्रवासात नव्वद टक्क्यांच्या आसपास येते. शेवटचा भाग लेड-ॲसिड बॅटरी हळूच घेते. वाटेत फ्रिज चालू असेल तर त्याचे अँपिअर वजा धरा.

लिथियम बॅटरीला साध्या रिलेवर जोडणे धोक्याचे आहे. तिचा अंतर्गत रोध इतका कमी, की ती अल्टरनेटरला तापवून जाळू शकते. चार्जर असला, की तो करंटला मर्यादा घालतो. ट्रकसारखी २४ व्होल्टची गाडी असेल तर १२ व्होल्टचा चार्जर चालणार नाही. २४ ते १२ चा घ्या.

लेड-ॲसिडच्या पेटीला वरच्या बाजूला हवेचे झरोके ठेवा, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. कोकण-गोव्याकडे खाऱ्या हवेत अँडरसनच्या पट्ट्या हिरव्या पडतात. पट्ट्यांना रबरी टोपी घाला, बॅटरीच्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा आणि पावसाळा संपला की सगळे लग एकदा घट्ट करा.