पिकअपचे चारही ब्रेक बदलले, माझा अनुभव

ब्रेक दाबला की पुढच्या उजव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायचा. चाक काढलं तर डिस्कला (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला) दाबणारं बाहेरचं पॅड निम्मं शिल्लक आणि आतलं पार पत्र्यापर्यंत झिजलेलं. कारण लगेच सापडलं: कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) खालची स्लाइड पिन, म्हणजे ज्यावर कॅलिपर सरकतो ती, गंजून जाम झाली होती. नुसती पॅड बदलली असती तर नवीही तशीच गेली असती. पिन घासून, सिलिकॉन ग्रीस लावून बोटाने सहज सरकेपर्यंत साफ केली. डिस्कवर चरे पडले होते, म्हणून पुढच्या दोन्ही डिस्क नव्या टाकल्या. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. नवी पॅड बसवायला कॅलिपरचा पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) आत दाबताना ऑइलच्या डबीकडे लक्ष असू द्या, ऑइल वर येतं. ब्रेक ऑइल सांडलं तर गाडीचा रंग जातो.

मागे ड्रम ब्रेक, म्हणजे फिरणाऱ्या डब्याला आतून घासणारे. खरा वेळ इथेच गेला. हँडब्रेक सोडूनही ड्रम हलेना, मग त्यावरच्या आट्यांच्या दोन भोकांत बोल्ट आळीपाळीने आवळत गेलो, तेव्हा सुटला. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये (ड्रमला घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते श्वासातून जाणं घातक. ब्रेक क्लीनरने धुवा. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे स्प्रिंग कुठे अडकते हे दुसऱ्या बाजूला बघता येतं. ॲडजस्टर (लायनिंग आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग) डावा-उजवा वेगळा असतो, अदलाबदल नको.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप केलं. आता सरळ रेषेत थांबते.