केसपेपरवर ‘डेंग्यू’ लिहिण्याआधी

मेडिसिनच्या रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष, सप्टेंबर महिना. नागपुरात डेंग्यूची साथ, एका खाटेवर दोन-दोन पेशंट. रात्री भंडाऱ्याकडच्या एका मावशींना आणलं. आठ दिवसांचा ताप, डोकं ठणकतंय, प्लेटलेट ६०,०००. “अंग लय दुखून रायलं जी,” एवढंच त्या सांगत होत्या. मी ‘डेंग्यू’ लिहिलं, सलाईन लावलं. डेंग्यूची एनएस१ टेस्ट निगेटिव्ह आली, तेव्हा ‘आठव्या दिवशी निगेटिव्ह येऊ शकते’ म्हणून सोडून दिलं. ते खरंही आहे, म्हणून तर मी फसलो.

सकाळी राऊंडला मॅडमनी पडदा ओढायला लावला आणि मावशींना हात वर करायला सांगितलं. काखेत डाळीएवढी काळी खपली, भोवती लालसर कडा, चटका बसल्यासारखी. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

“मावशी, धानाच्या बांधीत निंदायला जाता?”

“जातो ना जी, रोजच.”

स्क्रब टायफस. गवता-झुडपांतल्या माईट नावाच्या बारीक किड्यांच्या अळ्या चावून होणारा. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं, दोन दिवसांत ताप उतरला. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात याच आजाराची साथ येऊन गेली होती, मला ते ठाऊक होतं. तरी मी काख पाहिली नव्हती.

तेव्हापासून मी आधी पेशंट एका ओळीत मांडतो: ‘पन्नाशीची शेतमजूर बाई, आठ दिवस ताप, प्लेटलेट कमी, पावसाळा.’ ही ओळ जमली की नावं आपोआप सुचतात: डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), टायफॉइड. मग प्रत्येक नावापुढे लिहायचं, हा आजार असेल तर आणखी काय सापडायला हवं, आणि काय सापडलं तर तो खोडायचा. स्क्रबपुढे ‘खपली: काख, जांघ, स्तनाखाली’ असं लिहिलं की तिथे पाहिल्याशिवाय राहवत नाही. मात्र खपली सगळ्यांना नसते, त्यामुळे ती दिसली नाही म्हणून नाव खोडू नका.

नावांचा क्रम नुसता शक्यतेवर लावू नका. जे चुकलं तर पेशंट हातचा जाईल आणि ज्यावर औषध आहे, ते कमी शक्य वाटलं तरी वर ठेवा. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की बेशुद्ध, तापलेला प्रत्येक माणूस उष्माघाताचाच वाटतो. अंग गार करायला लगेच घ्याच, पण शुगर तिथल्या तिथे तपासा, मान ताठ आहे का बघा, मलेरियाची टेस्ट पाठवा. गडचिरोलीकडून आलेला असेल तर नक्कीच.

आणि विदर्भात सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार, विसरू नका. हाडं दुखतात म्हणून वेदनाशामक घेत फिरणाऱ्या तरुण पोराचे डोळे पिवळे दिसले तर विचारा, भावंडांत कुणाला रक्त चढवावं लागतं का? सिकलसेलची प्राथमिक सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी तो नुसता वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीशिवाय कळत नाही.

रोज संध्याकाळी रिपोर्ट आले की यादी पुन्हा काढा. नाव खोडताना एकच आडवी रेघ मारा, पांढऱ्या शाईने झाकू नका. बाजूला कारण आणि वेळ लिहा. रात्रीच्या ड्युटीवरच्याला ताप पुन्हा चढलेला दिसला, तर तुम्ही काय आणि कशामुळे बाजूला ठेवलं होतं ते त्याला वाचता आलं पाहिजे.