‘हे तर कुणालाही सुचलं असतं!’ पेटंट टाकण्याआधी या चुका टाळा

गुगलवर कुठे सापडलं नाही म्हणजे पेटंट पक्कं, ही सगळ्यात कॉमन चूक. सापडलं नाही म्हणजे फार तर ते नवीन आहे, पण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात इन्व्हेंटिव्ह स्टेपची अट वेगळी आहे, त्या धंद्यातल्या जाणकार माणसाला ते सहज सुचण्यासारखं नको. जाणकार म्हणजे रोज त्याच कामात हात घालणारा, तुमच्या आयडियाला वा वा करणारा मेव्हणा नव्हे!

यावरची गाजलेली केस भांड्यांची आहे. बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटल, निकाल १९७८ चा. पितळेची भांडी लेथवर फिरवून साफ करताना लेथच्या फिरणाऱ्या टोकावरून, म्हणजे हेडस्टॉकवरून सुटून उडायची, कारागिराला लागायचं, म्हणून हिंदुस्तान मेटलने समोरून टोकदार टेलस्टॉकने, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराने, भांडं दाबून धरायची सोय केली आणि पेटंट घेतलं. काम झकास व्हायचं, तरी सुप्रीम कोर्टाने पेटंट उडवलं, कारण टेलस्टॉक कित्येक दशकं माहितीचाच होता, तो इथे लावणं म्हणजे नुसती वर्कशॉपमधली सुधारणा. उपयोगी आहे एवढ्याने भागत नाही ते असं. आणि गंमत म्हणजे मधे हायकोर्टाच्या अपील बेंचने तेच पेटंट वैध धरलं होतं, म्हणजे जजनाही हे एका नजरेत कळत नाही.

छत्रीला टॉर्च लावणारे तर भरपूर भेटतात. टॉर्च टॉर्चचं काम करतोय, छत्री छत्रीचं, मग कायद्याच्या कलम ३(एफ) मधेच गाडी अडते, माहितीच्या वस्तू नुसत्या एकत्र लावल्या आणि प्रत्येक आपापलंच काम करत राहिली तर ते शोध धरत नाही.

उलटी चूकपण होते बरं का. उत्तर समोर आल्यावर सगळंच सोपं वाटतं, म्हणून चांगली आयडिया लोक स्वतःच बाद करतात. असं करा, उत्तर बाजूला ठेवून फक्त अडचण लिहा, ती किती वर्षं होती, लोकांनी काय काय करून पाहिलं, पुस्तकं काय करू नका म्हणत होती. सगळे एका दिशेला जात असताना तुम्ही दुसरीकडे गेला असाल तर साधं असलं तरी दम आहे.

अर्ज तपासणाऱ्या पेटंट ऑफिसच्या एक्झामिनरचा रिपोर्ट आला की ‘आमचं जास्त चांगलं आहे’ एवढंच लिहून पाठवू नका. त्याने दोन जुनी डॉक्युमेंट जोडून दाखवलेली असतात, ती दोन जाणकाराने एकत्र का केली नसती ते मांडा, सोबत जुन्याचं आणि तुमच्याचं चाचणीतलं रीडिंग शेजारी शेजारी द्या. उत्तराला सहा महिने असतात, त्यातले पाच लोक चिडण्यात घालवतात.